वार पाहून नव्हे, वारा पाहून: सॅलिश समुद्रात बोटीतून ऑर्का पाहण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या भागातल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात एक प्रश्न निघतोच. भारतातून आई-बाबा आले आहेत, माउंट रेनियर पाहून झाला, स्पेस नीडलही झाली, आता ‘व्हेल बघायला’ कधी न्यायचे? त्यावरचे उत्तरही ठरलेले असते, की शनिवार मोकळा आहे तर शनिवारी जाऊ. माझ्या अनुभवाने चूक इथेच होते. उन्हाळ्यात या समुद्रात ऑर्का, म्हणजेच ‘किलर व्हेल’, दिसण्याची शक्यता एरवीही चांगली असते, कारण बोटींचे कप्तान एकमेकांना खबर देत असतात आणि बहुतेक दिवशी कुठे ना कुठे एखादा कळप सापडतो. मात्र समोर आलेला प्राणी आपल्याला नीट पाहता येणार की चार तास कठडा घट्ट धरून बसण्यात जाणार, हे पूर्णपणे वाऱ्यावर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणून वार पाहून नव्हे, वारा पाहून दिवस ठरवावा. तो कसा पाहायचा आणि त्यानुसार बाकीची तयारी कशी करायची, हे पुढे क्रमाने लिहिले आहे.

जागा आणि प्राणी

हुआन डी फुका सामुद्रधुनी, जॉर्जिया सामुद्रधुनी आणि प्युजेट साउंड या तीन जलभागांना मिळून सॅलिश समुद्र म्हणतात. यांच्या मधोमध सॅन हुआन बेटे आहेत (लिहिताना हुआन असले तरी स्थानिक लोक ‘वॉन’ म्हणतात), आणि त्या बेटांच्या पश्चिमेकडील हॅरो सामुद्रधुनीतून अमेरिका व कॅनडा यांची सीमारेषा जाते. अमेरिकेच्या बाजूला ॲनाकॉर्टेस आणि फ्रायडे हार्बर, तर कॅनडाच्या बाजूला व्हिक्टोरिया ही बोटी सुटण्याची मुख्य ठिकाणे आहेत. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, ती म्हणजे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा कॅनडात चालत नाही. आई-बाबांकडे कॅनडाचा वेगळा व्हिसा नसेल तर व्हिक्टोरियाचा विचार सोडून द्यावा. ॲनाकॉर्टेसहून निघालेली बोट ऑर्कांच्या मागे सीमेपलीकडच्या पाण्यात गेली तरी ती कुठेही न उतरता मूळ बंदरावर परत येते, त्यामुळे तिथे सहसा हा प्रश्न येत नाही.

ऑर्काला आपण सरसकट देवमासा म्हणतो, पण तो डॉल्फिनच्या कुळातला आणि त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊ मीटर लांब असतो आणि त्याच्या पाठीवरचा सरळ उभा पर १.८ मीटरपर्यंत, म्हणजे उंच माणसाएवढा वाढतो. मादी आकाराने लहान असते आणि तिचा पर आकडीसारखा मागे झुकलेला असतो. दुरून पाहताना माद्या आणि वयात न आलेले नर यांच्यात फरक करणे कठीण जाते, त्यामुळे कोणी ‘ती मादी’ असे छातीठोकपणे सांगितले तर थोडे सबुरीने घ्यावे.

या पाण्यात प्रामुख्याने दोन प्रकारच्या ऑर्का दिसतात, आणि हा फरक तिकीट काढण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरून कायदाही बदलतो. पहिल्या म्हणजे ‘सदर्न रेसिडेंट’. त्या जे, के आणि एल नावांच्या तीन कळपांत राहतात, फक्त मासे खातात आणि त्यातही चिनूक जातीच्या सामन (सॅल्मन) माशांवर त्यांची मुख्य भिस्त असते. १९६० आणि १९७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर पकडून नेण्यात आली. पुढे सामन घटला, आणि आज त्यांची संख्या ७५ च्या आसपास उरली आहे. अमेरिकेने २००५ मध्ये त्यांना संकटग्रस्त ठरवले. दुसऱ्या म्हणजे ‘बिग्ज’ ऑर्का. हे नाव १९७० च्या दशकात परावरील खाचा आणि पाठीवरचे डाग यांच्या फोटोंवरून एकेक ऑर्का ओळखण्याची पद्धत रुजवणाऱ्या मायकेल बिग या कॅनेडियन शास्त्रज्ञाचे आहे. या ऑर्का सील, सी लायन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा लहान सागरी प्राणी) यांची शिकार करतात. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानंतर सील पुन्हा वाढले, आणि त्यांच्यामागोमाग बिग्ज ऑर्काही वाढल्या. एकाच पाण्यात राहूनही हे दोन प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तर त्यांना दोन स्वतंत्र प्रजाती मानावे असा प्रस्ताव मांडला.

१ जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात सदर्न रेसिडेंट ऑर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे साधारण ९१५ मीटर अंतर राखणे प्रत्येक बोटीला बंधनकारक आहे, मग ती पर्यटकांची असो वा खासगी. एवढ्या अंतरावरून नुसत्या डोळ्यांना काळ्या ठिपक्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्यामुळे आजची ऑर्का-सहल ही व्यवहारात बिग्ज ऑर्कांची सहल असते, आणि त्यांच्यापासून अमेरिकेच्या पाण्यात किमान २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर दूर राहावे लागते. कॅनडाचे नियम वेगळे आहेत आणि ते वेळोवेळी नव्याने काढले जातात, म्हणून सीमेपलीकडे जाताना चालू वर्षाचे अंतर विचारून घ्यावे.

महिना कोणता

बिग्ज ऑर्का वर्षभर असतात. एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे माझ्या पसंतीचे काळ. दुसऱ्या काळात सीलची त्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले नुकतीच स्वतंत्रपणे पोहू लागलेली असतात, आणि ऑर्कांना हे आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते. जुलै सर्वांत कोरडा आणि सर्वांत गर्दीचा महिना. शाळांच्या सुट्ट्यांमुळे तोच घ्यावा लागला तर घ्यावा, फक्त त्यातल्या दुपारच्या वाऱ्याचा बंदोबस्त पुढे सांगितल्याप्रमाणे करावा.

आदल्या रात्री: हवामान कसे वाचावे

सर्वप्रथम फोनवरचे सूर्य-ढगांचे चित्र विसरून जावे. त्याची दोन कारणे आहेत. एक तर ते चित्र सिएटलचे असते, आणि सॅन हुआन बेटे ऑलिंपिक पर्वतांच्या पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे सिएटलला पाऊस कोसळत असताना फ्रायडे हार्बरला नुसते ढगाळ असणे हे नेहमीचेच आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे ऑर्का पाहण्याच्या दृष्टीने पाऊस हा शत्रू नाहीच. वारा पडलेला, आकाश राखाडी आणि अधूनमधून भुरभुर असा दिवस मला निळ्या आकाशाच्या दिवसापेक्षा पसंत आहे, कारण पाण्यावर उन्हाची चकाकी नसते आणि शिशासारख्या सपाट पाण्यावर काळा पर दोन किलोमीटरवरूनही उठून दिसतो.

पाहायचा तो वारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे सिएटल कार्यालय समुद्रासाठी वेगळा अंदाज प्रसिद्ध करते आणि त्यात पाण्याचे विभाग पाडलेले असतात. हुआन डी फुका सामुद्रधुनीचे पश्चिम प्रवेश, मध्य आणि पूर्व प्रवेश असे तीन भाग आहेत, आणि सॅन हुआन बेटांसह उत्तरेकडील अंतर्गत पाण्याचा विभाग वेगळा आहे. आपल्याला बेटांचा विभाग आणि सामुद्रधुनीचा पूर्व प्रवेश असे दोन्ही वाचायचे असतात, कारण सहलीची बोट यांपैकी कुठेही जाऊ शकते. अंदाजात वाऱ्याची दिशा, त्याचा नॉटमधील वेग (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि लाटांची उंची दिलेली असते. वारा ७ ते १० नॉटच्या घरात गेला की लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरे तुरे फुटू लागतात. ११ ते १६ नॉटला ते सगळीकडे दिसतात, आणि मग ऑर्काने श्वास सोडताना उडालेला फवारा कोणता आणि फेसाचा तुरा कोणता हे ओळखणे सरावलेल्या डोळ्यांनाही जड जाते. २१ नॉटच्या पुढे लहान नौकांसाठी इशारा दिला जातो, आणि ३४ नॉटपासून वादळी वाऱ्याचा इशारा असतो.

आता ही हवा बदलते कशी, ते पाहू. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. उन्हाळ्यात वॉशिंग्टनचा आतला प्रदेश तापतो आणि पॅसिफिकवरची थंड हवा आत ओढली जाते. मात्र तिच्या वाटेत दक्षिणेला ऑलिंपिक पर्वत आणि उत्तरेला व्हँकुव्हर बेटाचे डोंगर उभे असल्यामुळे ती हुआन डी फुकाच्या अरुंद पट्ट्यातून नरसाळ्यातून आल्यासारखी जोरात घुसते. त्यामुळे सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारी तीननंतर खवळू लागते, आणि जुलैच्या संध्याकाळी सामुद्रधुनीच्या मध्यभागी वादळी वाऱ्याचा इशारा लागणे यात काही नवल नसते. या सगळ्या वेळी आकाश मात्र स्वच्छ निळे असते, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच.

यावरून सकाळची बोट घ्यावी असा निष्कर्ष निघतो, आणि जुलैपर्यंत तो बरोबरही आहे. ऑगस्टमध्ये मात्र सकाळी दाट धुके उतरते, इतके की स्थानिक लोक त्या महिन्याच्या नावातच धुके मिसळून त्याला ‘फॉगस्ट’ म्हणतात. त्या दिवसांत नऊच्या बोटीपेक्षा अकराच्या सुमाराची बोट मी पसंत करतो, कारण तोवर धुके बरेचसे विरलेले असते आणि वारा अजून उठलेला नसतो. वसंतात आणि शरदात गणित निराळे असते. पावसाची आघाडी येण्यापूर्वी वारा आग्नेयेकडून वाढत जातो आणि ती ओलांडून गेली की पश्चिमेकडे वळतो. अंदाजात अशी आघाडी दिसली तर तो दिवस सोडून पुढचा दिवस धरावा.

वाऱ्याइतकेच महत्त्वाचे आहे भरती-ओहोटीचे वेळापत्रक, आणि ते पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. या समुद्रात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत प्रवाह चांगलाच जोर धरतो. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असतील तर पाणी बरेच सपाट राहते. ते समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग लगेच येणाऱ्या होतात. हुआन डी फुकामध्ये ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे, महासागराच्या दिशेने वाहते, आणि दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे दुपारची ओहोटी आणि पश्चिमेचा वारा हे एकत्र आले तर बोट आपटत जाणार हे निश्चित समजावे. हॅरोमध्ये ओहोटी दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे तिथे दक्षिणेचा वारा आणि ओहोटी यांची जोडी त्रासाची ठरते.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो आहे. पाच वर्षांपूर्वी जुलैतल्या एका लख्ख दुपारी साडेतीनच्या उघड्या बोटीची तिकिटे मी काढली होती, कारण त्या वेळेला जागा होती आणि आकाशात एक ढग नव्हता. अंदाजात पश्चिमेचा २० ते २५ नॉट वारा लिहिलेला होता, तो मी वाचलाही होता, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. ओहोटी तर मी पाहिलीच नाही. आईने संपूर्ण प्रवासभर पुढची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि ऑर्का उजवीकडे वर आल्या तेव्हा तिने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. घरी आल्यावर तिच्या तळहातांवर वळ दिसत होते.

तेव्हापासून माझा ठरलेला ठोकताळा असा आहे. दहा नॉटपर्यंत कोणतीही बोट चालते. दहा ते पंधराला बंद केबिनची बोट घ्यावी. पंधरा ते वीसला मोठी बोट घ्यावी, आणि कप्तान बेटांच्या आडोशातल्या पाण्यात राहणार असेल तरच जावे. वीसच्या वर अंदाज असेल तर बुकिंग पुढे ढकलावे. लाटांच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत, कारण महासागराकडून दहा सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटरची लाट पाळण्यासारखी झुलवते, आणि चार सेकंदांनी येणारी तेवढीच लाट हाडे खिळखिळी करते.

सकाळी निघण्यापूर्वी अंदाजाऐवजी प्रत्यक्ष नोंदी पाहाव्यात. सामुद्रधुनीच्या पूर्व भागातला न्यू डंजनेस हा ४६०८८ क्रमांकाचा बोया (हवेची नोंद घेणारे तरंगते यंत्र) आणि स्मिथ बेटावरचे केंद्र वारा किती आहे ते सांगतात, आणि कॅनडाच्या बाजूला रेस रॉक्सच्या दीपगृहाची नोंद मिळते. अंदाज दहाचा आणि बोया सकाळी सातलाच अठरा दाखवत असेल तर बोयाचे ऐकावे.

बोट कोणती घ्यावी आणि काय विचारावे

उघड्या, रबरी कडांच्या वेगवान बोटी पाण्याला टेकून चालतात आणि प्राणी डोळ्यांच्या पातळीवर दिसतात, त्यामुळे तरुणांना त्या आवडतात. त्यात अंगभर तरंगता सूट घालायला देतात. मात्र पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी त्यात बसू नये, आणि बऱ्याच कंपन्या बसूही देत नाहीत. शिवाय अशा अनेक बोटींत स्वच्छतागृह नसते आणि सहल तीन ते पाच तासांची असते. सत्तरीच्या बाबांना मधुमेह असेल तर हा एकच मुद्दा निर्णायक ठरतो. केबिनची मध्यम बोट ही घरच्या मंडळींसाठी सर्वांत योग्य, कारण आत ऊब असते, बाहेर कठड्याशी उभे राहता येते आणि प्रवासीही आटोपशीर असतात. मोठी बोट सर्वांत कमी हलते, पण तिच्यावर एका बाजूला ऑर्का दिसल्या की सगळी गर्दी तिकडे लोटते.

फोन करून तीन प्रश्न विचारावेत. हवा बिघडल्यास सहल रद्द कोण करते आणि पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते? प्राणी न दिसल्यास काय? (अनेक कंपन्या पुन्हा एकदा मोफत नेतात, पण ते फेरीचे तिकीट पाहुण्यांच्या परतीच्या विमानाआधी वापरता येईल का, हेही पाहावे.) आणि ऑर्का कुठेही असल्या तरी बोट तिथवर जाते, की ठरावीक अंतरावरून परत फिरते? ‘हवा कशी असेल?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तिकिटे विकणारी व्यक्ती ‘छान असेल’ असेच म्हणणार. सहापेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या बोटीकडे अमेरिकन तटरक्षक दलाच्या तपासणीचे प्रमाणपत्र असावे लागते आणि ते बोटीवर लावलेले असते. चढताना त्याकडे एक नजर टाकावी.

कपडे, आणि बोट लागू नये म्हणून

या समुद्राचे पाणी वर्षभर साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असते, आणि त्यावरून येणारा वारा ऑगस्टमध्येही बोचतो. किनाऱ्यावर टी-शर्टमध्ये घाम येत असला तरी अंगावर तीन थर घालण्याची तयारी ठेवावी: आत थर्मल, मध्ये लोकरीचा स्वेटर आणि वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. जीन्स भिजली की वाळत नाही, म्हणून ती टाळावी. साडी किंवा ओढणी बोटीवर अडचणीची ठरते, हे आधीच प्रेमाने सांगून ठेवावे. भारतातून पाहुणे येताना पेटीत जी कानटोपी ‘उगाच’ भरलेली असते, तिचे सार्थक इथे होते.

बोट लागण्याचा त्रास असेल तर मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांपैकी जे डॉक्टर सांगतील ते निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालत नाहीत, त्यामुळे वडीलधाऱ्यांना परस्पर देऊ नयेत. रिकाम्या पोटी जाणे आणि पुरी-भाजी खाऊन जाणे या दोन्ही चुकाच आहेत, थोडे पोहे किंवा टोस्ट पुरे. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात, त्यांचा गुण येतो असा अनेकांचा अनुभव आहे. बसण्याची जागा मध्यभागापासून मागच्या बाजूला आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, नजर क्षितिजावर ठेवावी, आणि फोनमध्ये डोके घालू नये.

दुर्बीण ७ किंवा ८ पट वाढवणारी असावी. दहा पटीच्या दुर्बिणीत हलत्या बोटीवर चित्र नुसते नाचते. कॅमेऱ्याला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि झाकायला साधी प्लास्टिकची पिशवी बरोबर घ्यावी.

पाहावे कसे

बोटीवर दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. बोटीचे टोक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. पहिल्यांदा ‘दोन वाजता!’ अशी हाक आली तेव्हा आईने मनगटावरचे घड्याळ पाहून मला सांगितले होते, “अरे, अजून पाऊणच वाजलाय.” त्यामुळे ही पद्धत निघण्यापूर्वी घरच्यांना समजावून द्यावी.

एका बिंदूकडे टक लावून न बघता पाण्याचा एकेक पट्टा सावकाश डावीकडून उजवीकडे नजरेने झाडून काढावा, आणि ‘जे हलते त्यापेक्षा जे बाकीच्यांसारखे हलत नाही’ ते शोधावे. थंड, वारा नसलेल्या हवेत ऑर्काचा फवारा झुडपासारखा गोलसर उठतो आणि काही सेकंद लोंबकळत राहतो. वाऱ्यात तो लगेच विस्कटतो, तेव्हा पराकडेच लक्ष ठेवावे. डॉल्स पॉरपॉइज हा काळा-पांढरा लहान प्राणी दिसला की ‘पिल्लू, पिल्लू!’ असा गलका हमखास होतो. तो पाणी उडवत भरभर जातो, आणि ऑर्काचे पिल्लू मात्र आईला चिकटून असते.

ऑर्का साधारण तीन-चार वेळा थोड्या थोड्या अंतराने श्वास घेतात आणि मग पाच-सात मिनिटे, बिग्ज असतील तर कधी त्याहून अधिक वेळ, खाली जातात. नवखी माणसे या वेळात आत जाऊन कॉफी घेतात आणि नेमक्या तेव्हा त्या वर येतात. त्या खाली गेल्या की घड्याळ लावावे आणि चौथ्या मिनिटापासून कठड्याशी उभे राहावे. बिग्ज ऑर्का शिकारीच्या वेळी जवळजवळ गप्प असतात, कारण सीलला त्यांचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनवर काहीच ऐकू आले नाही तर यंत्र बिघडले असे समजू नये. सदर्न रेसिडेंट मात्र बोलक्या असतात. जवळून पाहता आले तर बिग्जच्या पराचे टोक अधिक टोकदार आणि त्यामागचा राखाडी डाग भरीव दिसतो. रेसिडेंटांचे टोक गोलसर असते, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या डागात काळा रंग शिरलेला दिसतो.

बाबांनी एकदा बोटीवर मला कोपराने डिवचून म्हटले होते, “त्याला सांग ना, थोडी जवळ घे म्हणावं.” मालवण-तारकर्लीला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांत हीच विनंती आपण करतो आणि नावाडी ती ऐकतोही. इथे ती करू नये. अंतराचा नियम मोडणाऱ्या कप्तानाला दंड होतो हे एक कारण झाले. पण खरे कारण असे आहे, की ऑर्का ध्वनीने शिकार शोधतात आणि इंजिनाच्या आवाजात त्यांचे ते काम बिघडते. चांगला कप्तान बोट प्राण्यांच्या मागे लावत नाही, त्यांच्या वाटेत आडवीही घालत नाही. तो त्यांना समांतर आणि सावकाश चालतो, किंवा दूर थांबून राहतो. कधी त्या स्वतःहूनच बोटीकडे येतात, आणि तेव्हा इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून शांत बसायचे असते.

वाटेत हवा बदलली तर

धुक्याने घाबरून जाऊ नये, कप्तानाकडे रडार असते आणि तो वेग कमी करून भोंगा देत राहतो. आपण बोलणे थांबवावे. सप्टेंबरातल्या एका सकाळी हॅरोमध्ये आमची बोट अशीच थांबली होती, समोर तीस-चाळीस मीटरपलीकडे काही दिसत नव्हते, रेलिंगवरून थेंब ठिबकत होते. मग डावीकडून ‘फूऽऽ’ असा जाड, ओलसर आवाज आला, त्यामागून आणखी दोन. जवळजवळ दहा मिनिटे आम्ही त्या ऑर्का केवळ कानांनी पाहिल्या, आणि धुके थोडे उचलले तेव्हा एक उंच पर पाण्यातून वर येऊन पुन्हा खाली जाताना दिसला.

वारा वाढू लागल्याची खूण म्हणजे दूरच्या पाण्यावर सरकत येणारी गडद पट्टी. ती दिसली की मुलांना आत घ्यावे, कॅमेरे पिशवीत टाकावेत आणि उभ्याने फिरणे बंद करावे. चालायचेच झाले तर एक हात नेहमी कठड्यावर असावा. कप्तानाने परत फिरण्याचा निर्णय घेतला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, भरलेले पैसे आठवून तर मुळीच नाही. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का हे बंदरावरच तपासावे, कारण मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. या पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल ‘एक-दहा-एक’ असा संकेत शिकवला जातो: धाप आवरायला एक मिनिट, हातपाय धड चालतात ती दहा मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वीचा साधारण एक तास. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पहिल्या मिनिटात घोटभर पाणी नाकातोंडात जाऊ शकते, म्हणून जॅकेट अंगावर असणे हाच उपाय.

स्वतःची किंवा भाड्याची बोट घेऊन ऑर्का शोधायला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरून रेसिडेंट आणि बिग्ज वेगळे ओळखता न आल्यास १,००० यार्डांचा नियम कधी मोडला हे कळतही नाही. तरीही पाण्यात असताना ऑर्का दिसल्याच, तर वेग सात नॉटच्या खाली आणावा आणि शांतपणे दूर सरकावे. ड्रोन उडवू नये.

सहल रद्द झाली तर

फ्रायडे हार्बरपर्यंत आलो आणि वाऱ्यामुळे बोट सुटली नाही, असे झाले तर त्याच सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाइम किल्न पॉइंट उद्यानात जावे. १९१९ चे दीपगृह, त्याच्याखाली खडक, आणि खडकाला लागूनच खोल पाणी, यामुळे ऑर्का कधीकधी किनाऱ्यापासून अगदी जवळून जातात. आणि इथे आपण पाण्यात नसल्यामुळे अंतराचा नियमही मोडत नाही. त्या दिसतीलच असे नाही. थर्मासमध्ये चहा, अंगावर जाकीट आणि दोन-तीन तासांची सवड असेल तर वाट पाहायला याहून चांगली जागा या बेटावर नाही. गावात परतताना व्हेल म्युझियमही पाहता येते, ते १९७९ पासून आहे.

घरी आल्यावर फोटो लगेच पुसून टाकू नयेत. बिग्ज ऑर्कांची ओळख ‘टी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांनी होते आणि त्यातच वंशावळ लिहिलेली असते. टी०६५ए म्हणजे टी०६५ या मादीचे नोंदलेले पहिले अपत्य, आणि टी०६५ए२ म्हणजे त्या टी०६५एचे दुसरे. फोटोबरोबर वेळ आणि जागा लिहून ठेवली तर बोटीवरच्या माहितगारांना विचारून आपण कोणते कुटुंब पाहिले ते कळू शकते. धुक्यातल्या त्या सकाळचा बाबांनी काढलेला फोटो अगदी धूसर आला होता, पण पराच्या मागच्या कडेवरची खाच त्यात दिसत होती, आणि ओळख पटायला तेवढी पुरली.